मांजराचा मधुमेह व त्याचा उपशम

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या ओठांवर हंसूं उमटलें असेल. माणसांच्या मधुमेहाविषयीं ऐकून आधींच कान किटले आहेत, त्यांत आतां मांजराच्या मधुमेहाची भर कशाला, असेंहि कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरीं मांजर आहे त्यांना हा विषय हंसण्याचा वाटणार नाहीं. आठदहा वर्षांचा, अंगानें भरलेला, दिवसभर खिडकींत लोळणारा बोका एकाएकीं पाण्याच्या भांड्यापाशीं घुटमळूं लागतो. त्याच्या लघवीची वाळू वारंवार बदलावी लागते. ताटली चाटूनपुसून खाऊनहि त्याच्या पाठीचा कणा हाताला लागूं लागतो. आणि कधीं कधीं तर तो मागचे पाय टांचेपर्यंत जमिनीला टेकवून चालूं लागतो. मग पशुवैद्याकडे जाणें होतें, रक्त व लघवी तपासली जाते, आणि निदान ऐकावयास मिळतें : मधुमेह.

हें निदान ऐकतांच घरच्या माणसांच्या मनांत बहुधा दोनच विचार येतात. एक असा कीं, आतां ह्याचें कांहीं खरें नाहीं, त्याला सुखानें मरूं द्यावें. दुसरा असा कीं, आतां जन्मभर सकाळसंध्याकाळ सुई टोंचीत बसावें लागणार. पहिल्या विचारापायीं कित्येक मांजरें रोगानें नव्हे, तर घरच्यांच्या धास्तीनें प्राणांस मुकतात. आज मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, ह्या दोहोंखेरीज तिसरीहि एक शक्यता आहे. योग्य उपचार वेळेवर सुरू केले तर पुष्कळ मांजरांचें इन्सुलीन कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत सुटूं शकतें. इन्सुलीन बंद केल्यानंतर निदान ४ आठवडे रक्तांतील साखर निरोगी मांजराइतकी राहिली व रोगाचीं लक्षणें परतलीं नाहींत, म्हणजे त्या स्थितीस वैद्य उपशम म्हणतात. मीं येथें ‘उपशम’ हा शब्द मुद्दाम योजला आहे; ‘बरें होणें’ हा योजलेला नाहीं. ह्या दोहोंतील भेद काय, हें भाषणाच्या ओघांत स्पष्ट होईल.

प्रथम हा रोग काय आहे, तें थोडक्यांत पाहूं. पोटांत जठराजवळ स्वादुपिंड नांवाचें इंद्रिय आहे. १८६९ सालीं पाउल लांगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्यानें त्यांतील पेशींचे सूक्ष्म पुंजके वर्णिले. १८८९ सालीं फॉन मेरिंग व मिंकोव्स्की ह्यांनीं स्ट्रासबुर्ग येथें, कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें असतां त्याला मधुमेह होतो, हें दाखविलें. पुढें १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं स्वादुपिंडांतून तो रोगनाशक अर्क मिळविला, आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलाला तो टोंचण्यांत आला. तेंच इन्सुलीन. रक्तांतील साखर शरीराच्या पेशींत शिरावी, म्हणून दार उघडणारा हा द्वारपाल होय. तो नसला, किंवा त्याची हांक पेशींनीं ऐकली नाहीं, तर साखर रक्तांतच सांचते, मूत्रावाटें वाहून जाते आणि भरल्या ताटावर बसूनहि शरीर उपाशी राहतें.

कुत्र्याच्या मधुमेहांत इन्सुलीन करणाऱ्या पेशी बहुधा नाश पावलेल्या असतात. म्हणून त्याला इन्सुलीन सामान्यतः जन्मभर लागतें. मांजराचा मधुमेह मात्र बव्हंशीं माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. हें साम्य वरवरचें नाहीं. मधुमेही माणसांच्या स्वादुपिंडांत ज्या प्रथिनाचे सांके आढळतात, तेंच प्रथिन मधुमेही मांजरांच्या स्वादुपिंडांतहि सांचतें, हें १९८७ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखवून दिलें. मांजराच्या पेशी प्रथम इन्सुलीनला दाद देईनाशा होतात. ती उणीव भरून काढण्यासाठीं स्वादुपिंड अधिकाधिक राबूं लागतें. आणि शेवटीं तें थकतें. तें थकलें कीं साखर वाढते, आणि वाढलेली साखर ही त्या थकलेल्या पेशींना स्वतःच विषासारखी बाधते. म्हणजे रोगच रोगाला वाढवितो.

येथेंच आशेला जागा आहे. विहिरीवर मोट ओढणारा बैल थकून खालीं बसला, म्हणजे तो मेला असें होत नाहीं. त्याला वेळींच जुंवांतून सोडलें, चार दिवस विसांवा दिला, तर तो पुन्हां उभा राहतो. पण पराणी टोंचून त्याला तसाच राबविला, तर मात्र तो कायमचा जातो. मधुमेहाच्या आरंभीं मांजराच्या पुष्कळशा पेशी थकलेल्या असतात, मेलेल्या नसतात. बाहेरून इन्सुलीन देऊन आणि आहारांतील पिष्ट कमी करून आपण त्यांच्या मानेवरचें जूं कांहीं काळ उतरवितों. साखर खालीं आली कीं तिचें विष ओसरतें, आणि पेशी पुन्हां काम करूं लागतात. उपशमाचें सारें रहस्य ह्यांत आहे. आणि घाई कां करावयाची, ह्याचेंहि उत्तर ह्यांतच आहे.

ह्या घाईचें महत्त्व दाखविणारा एक अभ्यास सांगतों. कर्स्टन रूम्प व जॅकी रँड ह्या दोन संशोधिकांनीं २००९ सालीं ५५ मधुमेही मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या मांजरांना ग्लार्जिन नांवाचें दीर्घकाळ काम करणारें इन्सुलीन दिलें जात होतें. त्यांचा आहार अत्यल्प पिष्टाचा होता. आणि त्यांचे मालक घरींच दिवसांतून अनेकदां रक्तशर्करा मोजून, ठरलेल्या नियमाप्रमाणें मात्रा बदलीत होते. एकंदर मांजरांपैकीं ६४ टक्क्यांचें इन्सुलीन सुटलें. परंतु खरा बोध ह्यापुढच्या आंकड्यांत आहे. निदान झाल्यापासून ६ महिन्यांच्या आंत ज्यांच्यावर हा कडक उपचार सुरू झाला, त्यांच्यांत हें प्रमाण ८४ टक्के होतें. त्याहून उशीर झालेल्यांत तें ३५ टक्क्यांवर आलें. हे मालक असामान्य चिकाटीचे होते हें खरें, आणि इतर अभ्यासांत यशाचें प्रमाण ह्याहून पुष्कळ कमीहि आढळलें आहे. तेव्हां आपल्या मांजराविषयीं कोणीहि हमी देऊं शकणार नाहीं. परंतु ‘पाहूं पुढच्या महिन्यांत’ असें म्हणणाऱ्यानें हे दोन आंकडे, ८४ आणि ३५, कागदावर लिहून भिंतीला लावावे.

उपचाराकडे वळण्यापूर्वीं निदानाविषयीं एक सावधगिरीची सूचना करतों. मांजर हें भित्रें जनावर आहे. टोपलींत कोंबून, रिक्षेच्या खडखडाटांतून, कुत्र्यांच्या भुंकण्यामधून त्याला दवाखान्यांत नेलें, तर केवळ भीतीनेंच त्याची रक्तशर्करा ३०० मिलिग्रॅमपर्यंतहि चढूं शकते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण रक्ताच्या एका थेंबावरून मांजराच्या मधुमेहाची होत नाहीं. म्हणून वैद्य लक्षणें, लघवींतील साखर आणि ‘फ्रुक्टोसामीन’ नांवाची तपासणी ह्यांचा मेळ घालतात. ह्या तपासणीनें मागील एकदोन आठवड्यांतील सरासरी साखरेचा अदमास येतो. त्याचबरोबर मांजराचे दांत, मूत्रमार्ग, स्वादुपिंडाची सूज हेंहि पाहून घ्यावें लागतें. किडका दांत किंवा मूत्रमार्गांतला जंतुसंसर्ग तसाच राहिला, तर इन्सुलीनचें काम अर्धें वायां जातें. आणि मांजराला खाजेसाठीं वा दम्यासाठीं स्टेरॉइड जातीचें औषध दिलें जात असेल, तर तें वैद्याला आवर्जून सांगावें. कारण तेंच कधीं कधीं ह्या रोगाचें निमित्त असतें, आणि तें वैद्याच्या सल्ल्यानें कमी केल्यावर रोगहि मावळूं लागतो.

आतां इन्सुलीन. सुईच्या नांवानें अनेकांचे हातपाय गळतात; परंतु ह्या सुया केसासारख्या बारीक असतात, आणि मानेमागची वा कुशीवरची सैल कातडी चिमटींत धरून, मांजर खात असतांना टोंचलें तर पुष्कळदां तें मान वळवूनहि पाहत नाहीं. बारा बारा तासांनीं, म्हणजे दिवसांतून दोन वेळां, ठराविक वेळीं इन्सुलीन द्यावयाचें. आरंभींची मात्रा बहुधा अगदीं लहान, एका वेळीं १ एकक किंवा त्याच्या आसपास असते. ती वैद्यानेंच ठरवावी आणि त्यानेंच वाढवावी. टोंचण्याची वेळ चुकली, तर पुढच्या वेळीं दुप्पट मात्रा कदापि देऊं नये. पुन्हां टोंचलें गेलें कीं नाहीं ह्याची शंका असेल, तरीहि पुन्हां टोंचूं नये. एक वेळ चुकल्यानें मांजर मरत नाहीं. दुप्पट मात्रेनें मरूं शकतें. मांजरानें अन्नाला तोंड लावलें नाहीं किंवा तें ओकलें, तर नेहमींची मात्रा देण्यापूर्वीं वैद्याला विचारावें.

सुईसंबंधीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कांहीं इन्सुलीनच्या एका मिलिलिटरमध्यें ४० एककें असतात, कांहींच्यांत १००; आणि प्रत्येकाची पिचकारी निराळी असते. १०० एककांचें इन्सुलीन ४० च्या पिचकारींत भरलें, तर मांजराला अडीचपट मात्रा जाते. आपल्याकडे कित्येक घरांत आजोबांनाहि मधुमेह असतो, आणि शीतकपाटाच्या दारांत आजोबांची बाटली व मांजराची बाटली शेजारी शेजारी उभ्या असतात. त्या दोन निराळ्या डब्यांत, पिचकाऱ्यांसह, नांव लिहून ठेवाव्या. बाटली शीतकपाटांत २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यांत कधींहि नव्हे. एकदां गोठलेलें इन्सुलीन निरुपयोगी होतें.

इन्सुलीनइतकाच, किंबहुना पुढील आयुष्याच्या दृष्टीनें त्याहून मोठा प्रश्न अन्नाचा आहे. आणि येथें आपल्या घरांतील रीतीकडे जरा डोळे उघडून पाहिलें पाहिजे. मांजर म्हटलें कीं आपण बशीभर दूध पुढें करतों. त्यांत पोळीचा कुसकरा किंवा भात कालवितों. मांजर तें खातें, आणि आपणांस वाटतें कीं तें तृप्त झालें. परंतु सृष्टीनें मांजराला निव्वळ मांसाहारी घडविलें आहे. त्याच्या लाळेंत पिष्ट पचविणारा रस नाहीं. त्याच्या यकृताला एकदम आलेली पुष्कळ साखर आंवरतां येत नाहीं. त्याच्या जिभेला गोडाची चवच कळत नाहीं, कारण त्या चवीचा एक जनुक त्याच्यांत निकामी झालेला आहे, हें २००५ सालीं सिद्ध झालें. उंदीर, पाखरूं, मासा ह्यांतील प्रथिनांपासून स्वतःस लागणारी साखर घडविण्याची कला मात्र त्याला जन्मतः अवगत आहे. अशा जनावराला दूधभातावर वाढविणें म्हणजे बैलाला मटण चारण्यासारखेंच आहे.

दूधभात टाकून ज्यांनीं बाजारांतले कोरडे दाणे आणले, त्यांनींहि निश्चिंत होऊं नये. दाणा कुरकुरीत होण्यासाठीं त्यांत पिष्ट घालावेंच लागतें, आणि पुष्कळ दाण्यांत एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक उष्मांक पिष्टापासून येतात. उलट उपशमासाठीं पिष्टाचे उष्मांक शेंकडा १२ च्या आंत असावेत, असें तज्ज्ञ सांगतात. डब्यांतलें किंवा पाकिटांतलें ओलें, मांसप्रधान अन्न हें पथ्य बहुधा सांभाळतें. पण तेथेंहि दाट रस्सा पिठानें आळलेला नाहीं ना, तें पाहून घ्यावें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ६३ मधुमेही मांजरांना दोन प्रकारचें अन्न १६ आठवडे दिलें गेलें. कमी पिष्टाचें अन्न खाणाऱ्यांपैकीं ६८ टक्क्यांचें इन्सुलीन सुटलें. मध्यम पिष्ट व पुष्कळ चोथा असलेलें अन्न खाणाऱ्यांपैकीं ४१ टक्क्यांचें. केवळ ताटलींतल्या फरकानें एवढें अंतर पडलें.

शाकाहारी घरांत येथें एक धर्मसंकट उभें राहतें, तें मी हलकें लेखीत नाहीं. ज्या स्वयंपाकघरांत मासळीचा वासहि चालत नाहीं, तेथें मांजरासाठीं मांस कसें आणावें? त्यावर एवढेंच सांगेन कीं, आपलें व्रत आपण पाळावें, मांजराकडून पाळवूं नये. बंद डब्यांतलें अन्न, वेगळी ताटली, वेगळा चमचा आणि गॅलरीचा एक कोपरा एवढ्यावर पुष्कळ घरांनीं हा प्रश्न सोडविला आहे. आपली एकादशी तर मांजराला लागू करूंच नये. लठ्ठ मांजर कांहीं दिवस उपाशी राहिलें, तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून तें प्राणघातक आजारानें पडतें. आणि मांसाहारी घरांनींहि नुसतें उकडलेलें कोंबडीचें मांस महिनोन्महिने देऊं नये. त्यांत चुना पुरेसा नसतो, टॉरीन नांवाचें हृदयाला व डोळ्यांना आवश्यक द्रव्य शिजवितांना निघून जातें; घरीं रांधावयाचेंच असेल, तर त्यांत काय मिसळावें हें वैद्याकडून लिहून घ्यावें.

लठ्ठपणा उतरवावा, पण सावकाश. आठवड्यास वजनाच्या सुमारें १ टक्का, म्हणजे ६ किलोच्या मांजराचे ६० ग्रॅम, एवढी घट पुरे. नसबंदी केलेले, मध्यम वय उलटलेले, घराबाहेर न पडणारे लठ्ठ बोके ह्या रोगाला अधिक बळी पडतात. ब्रह्मी जातीच्या मांजरांतहि तो ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व इंग्लंड ह्या देशांत अधिक आढळला आहे. ह्याचा अर्थ नसबंदी करूं नये असा नव्हे. तीनंतर भूक वाढते व खर्च घटतो, म्हणून वाढण्याचा चमचा लहान करावा, एवढाच.

आतां सर्वांत महत्त्वाच्या धोक्याकडे वळतों. मांजर इन्सुलीनवर असतांना त्याचें अन्न एकाएकीं बदलूं नये. दूधभात किंवा दाणे बंद करून कमी पिष्टाचें अन्न सुरू केलें, कीं इन्सुलीनची गरज कांहीं दिवसांतच झपाट्यानें उतरते. कालची योग्य मात्रा आज घातक ठरूं शकते. म्हणून अन्नांतला पालट आणि मात्रेंतला पालट हातांत हात घालून, वैद्याच्या देखरेखीखालीं व्हावा लागतो. उपशम जवळ येतो तेव्हांहि हेंच घडतें. थकलेलें स्वादुपिंड उठून कामाला लागतें, बाहेरचें इन्सुलीन चालूच असतें, आणि दोहोंच्या ओढींत साखर फार खालीं जाते. यशाच्या उंबरठ्यावरच ठेंच लागण्याचें भय अधिक असतें, तें असें. मांजर अशक्त होतें, झोंकांड्या देतें, थरथरतें, वेड्यासारखें पाहतें, झटके येऊन बेशुद्ध पडतें. असें दिसतांच, तें गिळूं शकत असेल तर लगेच खाऊं घालावें. गिळण्याच्या स्थितींत नसेल तर मध किंवा ग्लुकोजचें पाणी बोटानें हिरड्यांना चोळावें, घशांत ओतूं नये. आणि तत्काळ दवाखाना गांठावा. मांजराला गोडाची चव कळत नसली, तरी अशा वेळीं मधच त्याचे प्राण वांचवितो. इन्सुलीन चालू असलेल्या घरांत मधाची बाटली हातापाशीं असावी.

हा धोका टाळण्याचा उपाय म्हणजे घरीं रक्तशर्करा मोजणें. मांजराच्या कानाच्या कडेनें एक बारीक शीर जाते. कान कोमट कापडानें शेकून तेथें सुई टोंचली कीं यंत्राला पुरेल एवढा थेंब मिळतो. माणसांसाठीं केलेलीं यंत्रें मांजराच्या रक्तांतील साखर बहुधा असते त्याहून कमी दाखवितात. मांजरांसाठीं जुळविलेलीं यंत्रेंहि मिळतात. कोणतेंहि वापरा, पण मधेंच बदलूं नका, आणि कोणतें वापरतां तें वैद्याला सांगा. कातडीवर चिकटवून कांहीं दिवस सतत साखर सांगणारीं माणसांचीं साधनेंहि आतां मांजरांवर वापरलीं जातात. मोजलेला आंकडा, वेळ, मात्रा, खाणें, पिणें आणि आठवड्याचें वजन हें सारें एका वहींत लिहावें. ती साधी वही वैद्याला पुष्कळ तपासण्यांहून अधिक सांगते.

ह्या वहींतच एके दिवशीं उपशमाची चाहूल लागते. टोंचण्यापूर्वींची साखरसुद्धां निरोगी मांजरासारखी दिसूं लागते. पाण्याचें भांडें सायंकाळीं अर्धें भरलेलें राहतें. अंगावरची लव पुन्हां चकाकूं लागते. अशा वेळीं वैद्य मात्रा पायरीपायरीनें उतरवितो. एकाएकीं तोडीत नाहीं, कारण थकलेल्या पेशींना विसांवा थोडा अधिकच मिळालेला बरा. मग एक दिवस सुई थांबते, आणि तीनंतर चार आठवडे साखर स्थिर राहिली कीं आपण उपशम झाला असें म्हणतों.

श्रोतेहो, ‘उपशम’ आणि ‘बरें होणें’ ह्यांतील भेद येथें स्पष्ट होतो. बैल उभा राहिला; पण तो तरुण झाला नाहीं. ऑस्ट्रेलियांत उपशम पावलेल्या मांजरांना मुद्दाम साखर देऊन तपासण्यांत आलें, तेव्हां त्यांतल्या बहुतेकांची ती पचविण्याची शक्ति निरोगी मांजरांपेक्षां कमी भरली. हा अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. उपशम पावलेल्या मांजरांपैकीं सुमारें पाव ते एकतृतीयांश मांजरांना रोग पुन्हां गांठतो, असें अभ्यासकांस आढळलें आहे. तेव्हां ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण येथें मांजराच्याच जिवावर बेतते. कमी पिष्टाचें अन्न जन्मभर चालूं ठेवावें. पाहुण्यांनीं लाडानें घातलेला बिस्किटाचा तुकडासुद्धां वर्ज्य समजावा. वजन महिन्यामहिन्यास पाहावें. साखर प्रारंभीं आठवड्यांतून एकदां, पुढें वैद्य सांगेल त्या अंतरानें मोजावी. दांतांची काळजी घ्यावी. कोणत्याहि आजारावर नवें औषध सुरू करण्यापूर्वीं ‘ह्याला मधुमेह होऊन गेला आहे’ हें सांगावें, म्हणजे स्टेरॉइड टाळतां येईल. आणि पाण्याचें भांडें पुन्हां लवकर रिकामें होऊं लागलें, तर हातावर हात ठेवून बसूं नये. दुसऱ्या वेळीं उपशम मिळणें पहिल्याहून कठीण असतें. तरी इन्सुलीन त्वरित सुरू केल्यास आशा अगदींच सुटत नाहीं.

कांहीं मांजरांना उपशम मिळतच नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनीं २०१५ सालीं १२०० हून अधिक मधुमेही मांजरांचें रक्त तपासून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, त्यांतील सुमारें चवथाई मांजरांच्या मधुमेहाच्या मुळाशीं मेंदूखालच्या ग्रंथींतून अधिक स्रवणारा वाढीचा रस असावा. मात्रा वाढवीत नेली तरी साखर उतरत नसेल, तर मालकानें स्वतःला दोष न देतां ह्या कारणाचा शोध करवून घ्यावा. शिवाय, उपशम न झालेलें मांजरहि इन्सुलीनवर वर्षानुवर्षें सुखानें जगूं शकतें. उपशम हें उत्तम फळ खरें. पण तें न लागलें म्हणून झाड तोडावयाचें नसतें.

अलीकडे तोंडानें देण्याचीं औषधेंहि निघालीं आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें डिसेंबर २०२२ मध्यें बेक्साग्लिफ्लोझिन ह्या गोळीस व ऑगस्ट २०२३ मध्यें वेलाग्लिफ्लोझिन ह्या द्रवास मांजरांसाठीं मान्यता दिली. हीं मूत्रावाटें साखर बाहेर काढून टाकतात. सुईला भिणाऱ्यांस हें वरदान वाटेल. पण हीं औषधें पूर्वीं इन्सुलीन घेतलेल्या मांजरांसाठीं नाहींत, आणि तीं घेत असतां रक्तांतली साखर ठीक दिसूनहि अंगांत घातक आम्ल सांचूं शकतें. मांजरानें खाणें सोडलें, तें ओकूं लागलें, मलूल झालें, तर साखरेच्या आंकड्यावर विसंबूं नये. हा इशारा कोणत्याहि मधुमेही मांजराला लागू आहे.

शेवटीं घरच्या माणसांविषयीं दोन शब्द. हा रोग मांजराचा असला तरी पथ्य घराचें असतें. मे महिन्यांत गांवीं जावयाचें, गणपतीला कोकणांत उतरावयाचें, आणि सुई कोणी टोंचावयाची? हा प्रश्न सुटकेसी भरल्यावर नव्हे, तर निदानाच्या पहिल्या आठवड्यांतच सोडवावा. घरांतील निदान दोन माणसांनीं, आणि शक्य तर एका शेजाऱ्यानें, टोंचण्याची व मोजण्याची रीत शिकून घ्यावी. खर्चाविषयींहि वैद्याशीं आरंभींच मोकळेपणानें बोलावें. रोज दहादां मोजणें ज्याला परवडत नाहीं, त्याच्यासाठींहि सोसेल अशी रीत बसवितां येते. अर्ध्यावर सोडलेल्या उत्तम उपचारापेक्षां नेटानें चालविलेला साधा उपचार बरा.

मांजर आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं. तें पाण्याच्या भांड्यापाशीं अधिक वेळ बसतें, एवढेंच. तें बसणें ज्याच्या लवकर लक्षांत येईल, जो निदानाच्या दिवशीं धीर सोडणार नाहीं आणि उपशमाच्या दिवशीं पथ्य सोडणार नाहीं, त्याच्या मांजराला सुईविना पुन्हां खिडकींतल्या उन्हांत निवांत लोळतां येण्याचा संभव पुष्कळ आहे. ज्यांच्या घरीं हें निदान आजकालच झालें असेल, त्यांना एवढीच विनंति कीं, भाषण संपल्यावर विचार करीत बसूं नका. उद्यां सकाळींच वैद्याकडे जा.